तांबड्या रश्श्यासोबत कोणती बिअर?
भावा, बिअर समजून घ्यायची म्हणतोस तर सुरुवात ताटापासून कर. तांबड्या रश्श्याबरोबर आयपीए नावाची कडू बिअर घेऊ नकोस, तिच्यातल्या हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा मिरचीची आग आणखी भडकवतो. गव्हाची बिअर घे. जर्मनीच्या बव्हेरियातल्या या बिअरला यीस्टमुळं केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. रश्श्यातल्या लवंगेशी तो झकास जुळतो. पांढऱ्या रश्श्याला लागर, म्हणजे साधी, हलक्या चवीची बिअर पुरे.

ग्लास मात्र नीट बघ. तेलकट बोट लागलं तरी फेस बसतो. घासून, भरपूर पाण्यानं विसळून उपडा वाळव. तिरका धरून ओत, शेवटी सरळ कर, वर दोन बोटं फेस राहू दे. वास तिथंच असतो.

इतिहासही वाच. बव्हेरियात १५१६ साली बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स आणि पाणी वापरायचा हुकूम निघाला. बेल्जियमची बिअरसंस्कृती २०१६ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. पण मला सगळ्यात भावते ती प्राचीन इराकातल्या सुमेरियन लोकांची बिअरची देवी, निन्कासी. जवळपास ३८०० वर्षांपूर्वीच्या तिच्या स्तोत्रात बिअर करायची रीतच गायली आहे. वाचताना मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. ते स्तोत्र आधी वाच, मग भेटू.