‘काय झालं होतं?’ हे विचारायलाच हवं का?

“आमची एक सहकारी मोठ्या अपघातानंतर कामावर परतली आहे. चुकून तिला लागेल असं काही बोलून जाऊ, या भीतीने आम्ही तिच्याशी बोलायचंच टाळतो.” एका टीम लीडरने ही काळजी माझ्यासमोर मांडली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हाच प्रश्न घेऊन अनेक जण येतात, आणि तो आपुलकीतूनच आलेला असतो.

खोलात गेल्यावर वेगळंच दिसलं. त्यांनी तिला मेसेज केला होता, “बोलायचं आहे, केबिनमध्ये या.” ती आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. विषय काय, तर अहवालाची तारीख! शिवाय ताण नको म्हणून तिची दोन कामं तिला न विचारता दुसऱ्याकडे दिली होती.

आघाताच्या क्षणी माणसाच्या हातात काहीच उरलेलं नसतं. पुढेही मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा, विशेषतः अमिग्डाला, बराच काळ दक्ष राहू शकते. विषय न सांगता आलेलं बोलावणं, पाठीमागून अचानक आलेली हाक, परस्पर घेतलेला निर्णय... शरीर आधी दचकतं, विचार मागाहून पोचतो.

मी त्यांना तोच मेसेज पुन्हा लिहायला लावला. दोन-तीनदा खोडून त्यांनी लिहिलं, “अहवालाच्या तारखेबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे. काळजीचं काही नाही. आज की उद्या, प्रत्यक्ष की फोनवर, ते तुम्ही सांगा.” मला हा मेसेज फार आवडला. कामांचंही तिलाच विचारा, म्हटलं, आणि ती ‘मीच करते’ म्हणाली तर ते मनापासून माना.

“पण तिला मन मोकळं करायला लावू नये का?” नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिकाही सांगते, की घडलेलं सांगण्यासाठी कुणावर दबाव आणू नये. ती स्वतःहून बोलली तर ऐका, खोदून विचारू नका आणि ऐकलेलं तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगू नका.

पुढे तिने एक काम परत मागून घेतलं, दुसरं सोडलं. झोप मोडणं, प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणं महिन्याहून अधिक टिकलं, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. तो पर्याय तिला एकांतात, एकदाच सुचवा, असं मी त्यांना सांगितलं.