जहाजावर कुणी वारलं तर

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिल्या जहाजावर ऑफिसर म्हणून रुजू होताना पोरं वॉच, पगार आणि रजेबद्दल विचारतात. तू विचारलंस, वाटेत कुणी वारलं तर त्याच्या देहाचं काय करायचं. बरं झालं आत्ताच विचारलंस. ती वेळ आली की पुस्तक उघडून बसायला सवड मिळत नाही.

घरच्यांचा शब्द आल्याशिवाय देह समुद्रात सोडायचा नाही, हे आधी मनात पक्कं कर. शिडाच्या जहाजांना महिनोन्महिने जमीन दिसायची नाही, तेव्हा इलाज नव्हता. पण आपल्या माणसाला घरी न्यावं ही ओढ तेव्हाही होतीच. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन मारला गेला, तेव्हा त्याचा देह ब्रँडीच्या पिंपात ठेवून इंग्लंडला नेला. साध्या खलाशांच्या वाट्याला समुद्रच आला. आज जहाजावर फ्रीजर असतो आणि बंदर बहुधा काही दिवसांवर असतं. तरीही कोविडच्या काळात कित्येक बंदरांनी मृतदेह उतरवून घ्यायला नकार दिला. त्यातूनच सागरी कामगार करारात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे. खलाशाची किंवा त्याच्या नातलगांची इच्छा असेल त्याप्रमाणे देह वा रक्षा लवकर घरी पोचावी, यासाठी देशांनी मदत करायची आहे. दफनाचा खर्चही जहाजमालकावर आहे. कुणी खर्चाचं कारण पुढं केलं, तर हे कॅप्टनच्या नजरेस आणून दे.

घरच्यांनीच समुद्र मागितला, तर मात्र काम नीट व्हायला हवं. बुडालेला देह पुन्हा वर येतो, कारण आत वायू साठतो. खोल, थंड पाण्यात कुजणं मंदावतं आणि पाण्याच्या दाबाखाली वायू फुगत नाही. म्हणून खोलीचा एवढा आग्रह. अमेरिकेच्या नियमात देहासाठी किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल आणि किमान ६०० फूट पाणी लागतं, काही भागांत तर १,८०० फूट. रक्षेला खोलीची अट नाही. इंग्लंडमध्ये परवाना काढावा लागतो. पेटी मऊ लाकडाची, भोकं पाडलेली आणि वजन बांधलेली हवी, देहात रसायनं भरलेली चालत नाहीत आणि अंगावर टिकाऊ ओळखपट्टी लागते. पट्टी कशासाठी? प्रवाहानं देह किनाऱ्याला लागू शकतो, मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ शकतो. घरच्यांना हे आधीच, सौम्यपणे पण स्पष्ट सांगावं.

समज पेटी नाही, फक्त कॅनव्हास आहे. पूर्वी शिडं शिवणारा माणूस देह मेलेल्याच्याच झोपायच्या झोळीत शिवायचा आणि पायाशी तोफेचे गोळे ठेवायचा. ब्रिटिश नौदलात शेवटचा टाका नाकातून घ्यायची रीत होती. माणूस खरोखर गेला आहे, याची खात्री त्यात होती म्हणे. ती रीत सोड, पण शिवणाऱ्याची निगुती सोडू नकोस. वजन पायांकडे घट्ट बांध, म्हणजे देह पाय खाली करून सरळ जाईल. पाणी आत शिरायला आणि हवा बाहेर पडायला कापडात जागा ठेव. देह फळीवर ठेव आणि वर पांघरलेला झेंडा फळीला आतल्या बाजूनं बांधून घे. फळी कलली की देह झेंड्याखालून सरकून जातो आणि झेंडा जहाजावर राहतो. फळी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला लाव. इंजिन थांबवायचं किंवा अगदी मंद करायचं, ज्यांना ड्यूटी सोडता येते त्या सगळ्यांनी डेकवर यायचं. मेसबॉय असो की चीफ इंजिनिअर, यात फरक करू देऊ नकोस.

याबाबतीत मी एवढा हट्टी का, ते सांगतो. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकचे मृतदेह शोधायला हॅलिफॅक्सहून मॅके-बेनेट हे केबल टाकणारं जहाज गेलं. ३०६ देह मिळाले. इतक्यांना पुरेल एवढं देह टिकवायचं सामान बरोबर नव्हतं, म्हणून ११६ जण पुन्हा समुद्रात सोडावे लागले. त्यांत खलाशी आणि तिसऱ्या वर्गाचे प्रवासी जास्त होते. पहिल्या वर्गाचे देह पेट्यांतून हॅलिफॅक्सला पोचले. खलाशांनी खलाशांचीच अशी निवड करावी, हे मला अजूनही सहन होत नाही. मात्र त्याच जहाजावरचं एक काम शिकण्यासारखं आहे. प्रत्येक देहाला क्रमांक होता आणि त्याच क्रमांकाच्या कापडी पिशवीत त्याच्या वस्तू. क्रमांक ४ म्हणजे एक लहान मूल, नाव तेव्हा ठाऊक नव्हतं. चोरांच्या हाती लागू नयेत म्हणून कपडे जाळायचे ठरले, पण हॅलिफॅक्सच्या एका पोलिसाला ते चिमुकले बूट जाळवले नाहीत. पुढे डीएनए तपासात वेगळ्याच बाळाचं नाव निघालं होतं. बूट त्या वयाच्या मानानं मोठे होते, म्हणून पुन्हा तपास झाला आणि २००७ मध्ये त्या मुलाला स्वतःचं नाव मिळालं. म्हणून केबिनमधली यादी करताना चप्पल, चष्मा, अर्धवट लिहिलेली वही, काहीच किरकोळ समजू नकोस. दोन साक्षीदारांसमोर लिही, सह्या घे.

विधी कोणता, हे जाणाऱ्याच्या धर्मानं ठरेल. मुसलमान खलाशी असेल तर गुस्ल म्हणजे देहाला अंघोळ, कफन आणि जनाज्याची नमाज. जमीन वेळेत गाठता येत नसेल तरच समुद्र. जवळचं कुणी जहाजावर असेल तर त्याला पुढं कर. आपल्याला विचित्र वाटणाऱ्या रीतींनाही कारण असतं. तिबेटच्या उंच मुलखात जमीन खडकाळ आणि गोठलेली, लाकूड दुर्मीळ. तिथं देह गिधाडांना देतात आणि ते शेवटचं दान मानतात. इंडोनेशियातल्या तोराजा लोकांत मोठा अंत्यविधी होईपर्यंत माणूस आजारी आहे असं धरून त्याला घरातच ठेवतात, जेवण वाढतात. तेव्हा कुणी काही मागितलं तर आधी ऐकून घे आणि जहाजाच्या सुरक्षिततेत बसत असेल तर नाही म्हणू नकोस.

शेवटी कागद. लॉगबुकात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, पाण्याची खोली, हवामान आणि हजर असलेल्यांची नावं लिही. हीच माहिती कॅप्टनच्या पत्रातून घरी जायला हवी. मुलांना पुढे कधी ती जागा नकाशावर शोधावीशी वाटेल. फोटो घरच्यांना विचारूनच काढा. वस्तूंच्या यादीचा माझा जुना नमुना सोबत पाठवतो आहे, त्यात तुमच्या कंपनीच्या फॉर्मप्रमाणे बदल करून घे.

तुझा,
जुना कॅप्टन