यूजनेट डेटाबेसशिवाय चालायचं कसं?

तुम्ही विचारलंय की यूजनेट (इंटरनेटवरचे जुने चर्चेचे ग्रुप) सुरू झालं तेव्हा मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) वगैरे नव्हतं तर एवढे मेसेज डिस्कवर ठेवायचे कसे. साध्या फाइलीत हो. एक मेसेज, एक फाइल, बस.

ग्रुपच्या नावात टिंब आला की नवीन फोल्डर. म्हणजे कॉम्प.लँग.सी असेल तर कॉम्पच्या आत लँग, त्याच्या आत सी, आणि आत फाइलींची नावं म्हणजे नुसते आकडे, 4511, 4512 असे. कोणी एकच मेसेज तीन ग्रुपात टाकला तरी डिस्कवर तो एकदाच, बाकी दोन ठिकाणी हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलीला आणखी एक नाव. खोली एक, दारं तीन. शेवटचं दार काढलं की खोली आपोआप रिकामी. मला ही आयडिया अजून आवडते.

पण तिने एकदा वाट पण लावली. 1999 ला मी अंधेरीत एका छोट्या इंटरनेट कंपनीत नाइटला होतो, रात्री दोनला न्यूज सर्व्हर (यूजनेटचे मेसेज ठेवणारं मशीन) बोंबलायला लागला की डिस्क फुल, मी डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) मारलं तर चाळीस टक्के जागा मोकळी, परत मारलं, परत तेच, शेवटी घाबरत सिनियरना उठवलं तर ते झोपेतच म्हणाले, "अरे मायनस आय लावून बघ." बघतो तर आयनोड शंभर टक्के! प्रत्येक फाइलीला एक आयनोड (फाइलीच्या नोंदीची जागा) लागतो, मेसेज दोन केबीचा असला तरी, आणि ईएक्सटी2 (लिनक्सची तेव्हाची फाइल सिस्टीम) वर ते किती हे फॉरमॅट करतानाच ठरतं, मागून वाढत नाहीत. पुसायला आरएम स्टार (सगळ्या फाइली पुसायची कमांड) दिलं तर म्हणे आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग, म्हणजे एका दमात इतकी नावं झेपत नाहीत. फाइंड (फाइली शोधायची कमांड) लावून पुसत बसलो, पहिली लोकल गेली तरी संपेना.

आयएनएन (न्यूज सर्व्हरचं सॉफ्टवेअर) 2.0 मध्ये तोवर मेसेज साठवायची सीएनएफएस ही पद्धत आली होती, आमच्याकडे मात्र जुनंच. सीएनएफएसमध्ये ठरावीक साइजच्या मोठ्या फाइली आधीच बनवून ठेवायच्या, मेसेज एकामागे एक लिहीत जायचे, शेवट आला की परत पहिल्यापासून, जुन्याच्या डोक्यावर. पुसायची कटकटच नाही, फक्त मेसेज किती दिवस टिकेल ते ट्रॅफिक ठरवणार.

मेलचं बरोब्बर उलट. एमबॉक्स या मेल साठवायच्या जुन्या फॉरमॅटमध्ये एका माणसाची सगळी मेल एकाच फाइलीत, आणि नवी मेल कुठे सुरू झाली ते ओळखायचं 'फ्रॉम' आणि स्पेसने सुरू होणाऱ्या ओळीवरून. मग मजकुरातलीच एखादी ओळ तशी सुरू झाली तर? तिच्या आधी > चिकटवायचे. जुन्या मेलमध्ये मधेच '>फ्रॉम' दिसलं तर ती टायपो नाही, ते हे.