क्वांटिटी सर्व्हेअर नेमकं काय करतो? साइट इंजिनिअरपेक्षा हे काम दुय्यम आहे का?

सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर तुम्हाला क्वांटिटी सर्व्हेअरची नोकरी चालून आली आहे आणि मित्र म्हणतायत की ते तर ऑफिसात बसून बेरजा मारायचं काम. मी हेच काम करतो. आधी ठेकेदाराकडे केलं, आता पुण्यात क्लायंटच्या बाजूने करतो. तुमच्या मित्रांनी या कामाची एकच बाजू पाहिलेली दिसते.

आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांत या माणसाला बिलिंग इंजिनिअर म्हणतात. ड्रॉइंगवरून प्रत्येक कामाचं परिमाण काढायचं, बी.ओ.क्यू. (प्रत्येक कामाचं परिमाण आणि दर मांडणारा तक्ता) तयार करायचा, निविदा आल्या की दर ताडून पाहायचे, काम सुरू झालं की आर.ए. बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारी बिलं) तपासायची, करारात नसलेलं काम निघालं तर साहित्य-मजुरीवरून दर काढायचा, म्हणजे त्याचं रेट अ‍ॅनालिसिस करायचं आणि शेवटी फायनल बिल मिटवायचं. एवढं नोकरीच्या जाहिरातीतही लिहिलेलं असतं. पण कस लागतो तो साइटवरच्या मोजमापात, कारण बांधकामातलं बरंच काम नंतर झाकलं जातं. झाकण्याआधी मोजलं नाही, तर पुढे फक्त वाद उरतो.

पायाची खोदाई घ्या. खड्डा 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल असेल तर 192 घनमीटर, म्हणजे साधारण 68 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पण खोदलेला मुरूम सुटा झाला की फुगतो. तो पाव पट फुगला धरला तरी गाड्यांच्या खेपांवरून हिशेब 85 ब्रासवर जातो. ठेकेदार खोटं बोलत नसतो, तेवढा माल त्याने खरंच वाहून नेलेला असतो. पण पद्धत खड्ड्याच्या मापाची आहे, फुगवट्याचा खर्च त्याने दरातच धरायचा असतो. त्यातून मुरूम, सॉफ्ट रॉक आणि हार्ड रॉक यांचे दर वेगळे, आणि फरक मोठा. पी.सी.सी. (तळाचं साधं, बिनसळईचं काँक्रीट) पडलं, फूटिंग (खांबाखालचा पाया) झालं, भराव झाला की खडक नेमका किती खोलीवर लागला होता हे कशावरून ठरवणार? म्हणून खोदाईआधीच्या लेव्हल (जमिनीच्या उंचीची मापं), खडक लागला तेव्हाच्या लेव्हल आणि तळाच्या लेव्हल दोन्ही बाजूंनी एकत्र घ्यायच्या आणि त्याच दिवशी कागदावर सह्या करायच्या. माझ्या मते या कामात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

स्लॅबचं स्टील तसंच. काँक्रीट ओतण्याआधी बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई, किती लांब, किती नग याचा तक्ता) घेऊन सळया मोजायच्या. वजन सूत्राने निघतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 16 मिलिमीटरची सळई मीटरला 1.58 किलो. ठेकेदार मात्र माल वजनकाट्यावर तोलून विकत घेतो, आणि आय.एस. 1786 या सळयांच्या भारतीय मानकाप्रमाणे 16 मिलिमीटरला 5 टक्के कमी-जास्त चालतं. सळई जाड भरली तर बिलात मिळणारं वजन त्याच्या खरेदीपेक्षा कमी पडतं. चेअर (वरच्या जाळीला आधार देणाऱ्या वाकवलेल्या सळया) आणि लॅप (जोडावर एकमेकींवर चढवलेली सळयांची लांबी) यांचे पैसे धरायचे की नाही, तेही करारात आधी वाचून ठेवावं लागतं.

प्लास्टरची वजावट तर मुलाखतीत हमखास विचारतात. आय.एस. 1200 या बांधकामाच्या मोजमापाच्या भारतीय मानकानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा होत नाही. अर्ध्यापेक्षा मोठं पण 3 चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे तुमची नेहमीची खिडकी, भिंतीच्या एकाच बाजूने वजा होते आणि तिच्या कडांचं प्लास्टर वेगळं मिळत नाही. त्याहून मोठं असलं तर दोन्ही बाजू वजा, पण कडा मोजून द्यायच्या. यामागचा विचार मला फार आवडतो: छोट्या खिडकीची न केलेली वजावट आणि कडांची मेहनत साधारण फिटते.

म्हणजे हा माणूस कोणाच्याही पगारावर असला तरी त्याचा आकडा समोरच्यालाही मान्य व्हावा लागतो. बिल अडलं की ठेकेदाराच्या मजुरांचा पगार अडतो. जास्त गेलं की मालकाचं बजेट कोसळतं. दोन्ही बाजूंना बसून मी हे पाहिलंय, त्यामुळे याला दुय्यम म्हणणं मला पटत नाही.

ब्रिटनमध्ये हा स्वतंत्र व्यवसाय आहे. तिथल्या आर.आय.सी.एस. या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेची स्थापना 1868 ची. आखाती देशांतही या पदाला चांगली मागणी असते आणि तिकडे आपली मुलं बरीच आहेत.

नोकरी घ्यायच्या आधी एकच विचारा: मोजमापाला साइटवर पाठवणार का? फक्त साइटवरून आलेले आकडे एक्सेलमध्ये भरायला बसवणार असतील, तर थोडा कमी पगार असला तरी दुसरीकडे जा. पाठवणार असतील तर लगेच हो म्हणा, आणि रुजू व्हायच्या आधी आय.एस. 1200 चे खोदाई, काँक्रीट, वीटकाम आणि प्लास्टर हे भाग वाचून काढा.