पावाशिवाय बर्गरची चव वाडग्यात कशी आणावी?
रात्रीच्या घाईच्या जेवणात पाव वगळूनही बर्गरची चव हवी असेल, तर सारे लक्ष तव्याकडे द्यावे. दोघांसाठी २५० ग्रॅम चिकन खिमा कडकडीत तापलेल्या लोखंडी तव्यावर तेल घालून पातळ पसरावा आणि खालची बाजू खरपूस तपकिरी होईपर्यंत त्याला उलथने लावू नये. सतत हलवल्यास तो स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि बर्गरऐवजी खिमापावाची आठवण येते. मग मीठ-मिरपूड घालून तो पूर्ण शिजवावा. लेट्यूस धुऊन फडक्याने अगदी कोरडे करावे, अन्यथा सॉस पानांवरून ओघळून तळाशी साचतो. ३ चमचे मेयोनेज, १ चमचा केचप आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीचे (आपले तेलातले लोणचे येथे चालत नाही) बारीक तुकडे एवढा सॉस पुरतो. खिमा दोन मिनिटे निवल्यावरच पानांवर घालावा.