जळालेला राजा फोटोशॉपमध्ये

प्रश्न : सर नमस्कार, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात जॅकार्डची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं चित्रकार हॉलबाइनने भिंतीवर काढलेलं मोठं चित्र आगीत गेलं असं वाचलं, ते मला फोटोशॉपमध्ये पुन्हा उभं करायचंय. नेटवर ढीगभर व्हर्जन आहेत, खरं कुठलं धरू? एआयवर होईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : छान वेड आहे रे, पण एकच कुठलं धरून चालणार नाही, तुकडे जोडावे लागतील. चित्र 1537 चं, लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातलं, 1698 च्या आगीत राजवाड्यासकट गेलं. नशिबाने हॉलबाइनचा मूळ खाका उरलाय, तोही डाव्या बाजूचाच, म्हणजे हेन्री आणि मागे त्याचा बाप सातवा हेन्री. तो लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, उंची सुमारे 258 सेंमी. आपल्याकडे ब्लाउजवर नक्षी उतरवायला ट्रेसिंग पेपरला टोचून नीळ-रॉकेल फिरवतात ना, तस्संच, खाक्याच्या रेषेवर भोकं पाडून कोळशाची पूड मारायची, की चित्र त्याच मापात भिंतीवर उतरतं. म्हणून माप आणि रेषा डोळे झाकून इथूनच घे. 100 डीपीआयला (इंचाला 100 ठिपके) उंची दहा हजार पिक्सेलच्या वर जाते, पीसीची रॅम बघून घे आधी.

उजवीकडच्या दोन राण्या मात्र लीम्पुट नावाच्या चित्रकाराच्या 1667 च्या छोट्या कॉपीत मिळतात, ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यातली जेन सीमोर, म्हणजे आठव्या हेन्रीची राणी, फार लहान आकारात आहे, तिचा चेहरा व्हिएन्नातल्या हॉलबाइनच्याच पोर्ट्रेटवरून घे.

आता खरी गोची. खाक्यात हेन्रीचा चेहरा थोडा वळलेला आणि कॉपीत थेट समोर, म्हणजे भिंतीवर काढताना बदललाय. मी तर समोरचाच ठेवीन, लिव्हरपूलच्या वॉकर गॅलरीतली मोठी कॉपी बघ. का बदलला याचा पुरावा नाही पण माझ्या मते धाक बसवायला, कारण काळच तसा होता, 1534 मध्ये पोपला झुगारून हेन्री इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख स्वतःच झालेला, 1536 मध्ये घोड्यावरून जबर पडलेला, पायाची जखम भरत नव्हती आणि चित्रात बघ कसा पाय फाकवून उभाय, खांदे तर दारात मावणार नाहीत असे. वारस एडवर्डही 1537 च्या ऑक्टोबरमध्ये झाला, त्यानंतर बारा दिवसांत जेन गेली.

एआय डाग काढायला, मोठं करायला ठीक, पण कपड्यांवरच्या भरतकामावर सोडू नकोस, सगळं गुळगुळीत करून टाकतं. धागे कसे बसतात ते तुला जास्त कळतं, बाह्या हातानेच कर. आणि मधल्या दगडावर लॅटिन मजकूर आहे, बाप मोठा की मुलगा असा वाद घालणारा, तो अक्षर अक्षर टाइप कर, एआय तिथे हमखास घाण करतं.