चार्जर, वेळापत्रक आणि बाभळीचा काटा

प्रश्न : वर्षापूर्वी तीन युनिटच्या बॅटरीची ई-स्कूटर घेतली. रोजचं जाणं-येणं १२ किलोमीटर. उन्हाळ्यात रेंज कमी झाल्यासारखी वाटते आणि चार्जिंगचा प्लग चटका बसेल इतका तापतो. बॅटरी गेली का? महिन्याचा विजेचा खर्च कसा काढायचा? – एक वाचक, लातूर

उत्तर : आधी प्लगचं बघू, कारण धोका तिथे आहे. प्लग तापतो तो बॅटरीमुळे नाही, सैल सॉकेटमुळे. घरगुती चार्जर साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट घेतो. आकडा मोठा नाही, पण मिक्सर पाच मिनिटांत बंद होतो आणि चार्जर चार-पाच तास अखंड चालतो. पीन आणि आतली पितळी पट्टी घट्ट टेकत नसली की तेवढ्याच जागी उष्णता साठते, उष्णतेनं पट्टीची पकड आणखी ढिली होते आणि शेवटी प्लास्टिक वितळतं. स्विच बंद करा, प्लग थंड होऊ द्या आणि पिना उजेडात धरून पाहा. पितळ काळपट-तपकिरी पडलेलं असेल किंवा पिनेच्या मुळाशी प्लास्टिक पिवळं झालं असेल, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. नुसतं सॉकेट बदललं तर जळकी पीन नवं सॉकेटही खराब करते. चार्जर वॉरंटीत असेल तर त्याचा प्लग सर्व्हिस सेंटरलाच बदलून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड आजपासून बंद. मीटरजवळून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, त्यावर एमसीबी (जादा करंट आला की तुटणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) एवढं वायरमनकडून करून घ्या.

त्याच वेळी त्याला मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्ट आला तर ठीक. दहाच्या वर गेला तर अर्थिंग तपासून घ्यायलाच हवं. आपल्याकडे मार्चनंतर अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो, विशेषतः मुरमाच्या जमिनीत. आठवड्याला बादलीभर पाणी त्यात ओतत जा, टंचाईच्या दिवसांत भांडी विसळलेलं पाणीही चालतं.

आता रेंज. अ‍ॅपवर दिसणारी रेंज हा मागच्या काही किलोमीटरवरून बांधलेला अंदाज असतो, त्यावरून बॅटरीची परीक्षा करू नका. पूर्ण चार्ज करून नेहमीच्या रस्त्यानं चालवा. ओडोमीटरवर झालेले किलोमीटर भागिले कमी झालेले टक्के, गुणिले शंभर, ही खरी रेंज. ४५ किलोमीटर गेलात आणि ५० टक्के उतरले, तर ९०. आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या ऋतूत पुन्हा मोजा. रेंज घटली की पहिला संशय टायरच्या हवेवर घ्या, दुसरा वेगावर. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य मात्र नक्की घटतं. बाहेर ४२ अंश असताना उन्हात उभ्या स्कूटरची बॅटरी त्याहून गरम होते, आणि शंभर टक्के भरलेली असेल तर नुकसान जास्त. म्हणून दुपारी घरी आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका. रात्री किंवा पहाटे लावा. तुमच्या १२ किलोमीटरला रोज चार्जिंग लागतच नाही. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलीत तर चार दिवस निघतात. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर अधूनमधून पूर्ण भरा, नाहीतर टक्केवारीचा काटा चुकू लागतो.

खर्च सोपा आहे. चार्जरमधली गळती धरून १०० किलोमीटरला भिंतीतून साधारण ४ युनिट जातात. महिन्याला ३०० किलोमीटर म्हणजे १२ युनिट. पण घरचा वापर ९५ युनिट असेल तर यातले ७ युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यात, म्हणजे चढ्या दरानं लागतील. चढा दर फक्त त्या ७ युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही.

प्रश्न : परळी, केज, लातूरकडे जाणाऱ्या एसटीच्या वेळा स्थानकातल्या फलकावर असतात, मधल्या थांब्यांवर काहीच कळत नाही. आम्ही कॉलेजची मुलं बसचं लाइव्ह ठिकाण दाखवणारं अ‍ॅप करावं म्हणतोय. सुरुवात कुठून करू? – विद्यार्थ्यांचा गट, अंबाजोगाई

उत्तर : लाइव्ह ठिकाण तूर्त बाजूला ठेवा. त्यासाठी प्रत्येक गाडीत यंत्र, सिमकार्ड आणि महामंडळाची परवानगी लागते. ज्या थांब्यावर दिवसाला मोजक्या फेऱ्या येतात, तिथे नकाशावर सरकणाऱ्या ठिपक्यापेक्षा खात्रीचं वेळापत्रक जास्त कामाचं. ते नसलं की माणूस तासभर उभा राहतो आणि शेवटी दुचाकी घेतो.

फलकाचा फोटो काढा आणि वेळा स्प्रेडशीटमध्ये भरा. फलकावर फक्त सुटण्याची वेळ असते, मधल्या थांब्यांची तुम्हालाच मिळवावी लागेल. दोघांनी आठवडाभर गाडी थांब्यावर प्रत्यक्ष किती वाजता आली ते टिपायचं. सगळ्यात लवकर आलेली वेळ छापा, सरासरी छापू नका. सरासरी पाहून निघालेल्या माणसाची गाडी निम्म्या वेळा चुकते. बाजाराचा दिवस आणि रविवार वेगळे ठेवा.

माहिती पहिल्यापासून जीटीएफएस या, नकाशाच्या अ‍ॅपना वाचता येईल अशा वेळापत्रकाच्या ठरलेल्या पद्धतीनं मांडा. संस्था, थांबे, मार्ग, फेऱ्या, फेरीतल्या थांब्यांच्या वेळा आणि चालण्याचे वार अशा साध्या मजकुराच्या फाइल्स असतात. थांब्याचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत घ्या, म्हणजे चूक मीटरभराची राहते. जाण्याचा आणि येण्याचा थांबा रस्त्याच्या दोन बाजूंना असतो, त्यांची नोंद दोन वेगळ्या क्रमांकांनी करा. मध्यरात्रीनंतर पोचणाऱ्या गाडीची वेळ २४:३५:०० अशी लिहायची, ००:३५:०० लिहिली तर गाडी सुटण्याआधीच पोचते.

एक्सेल दोन ठिकाणी दगा देतं. थांब्याचा क्रमांक ००७ असेल तर शून्यं गायब होतात, म्हणून तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. आणि फाइल साध्या सीएसव्हीत जतन केली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा.

गूगल मॅप्स ही माहिती बस चालवणाऱ्या संस्थेकडूनच घेतं. म्हणून तयार फाइल आगारप्रमुखांना अर्जासोबत द्या. तोवर थांबे ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर टाकता येतात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि प्रत्येक थांब्यावर ठळक अक्षरांत छापलेला कागद लावा, खाली ‘कधी तपासलं’ ती तारीख. स्मार्टफोन नसलेल्यांचीही सोय होईल.

प्रश्न : सायकल दर आठवड्याला पंक्चर. रस्त्याकडेला सगळी वेडी बाभूळ. – एक शिक्षिका, परभणी

उत्तर : टायर आणि ट्यूबच्या मध्ये प्लॅस्टिकची जाड पट्टी मिळते, ती बसवा. पट्टीची टोकं गोल कापून घ्या, नाहीतर तीच ट्यूबला घासून भोक पाडतात. सीलंट, म्हणजे ट्यूबमध्ये भरायचं भोक बुजवणारं द्रव, वापरायचं असेल तर आधी व्हॉल्व्ह पाहा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर रबराची बारीक नळी असते, ती सीलंटनं चिकटते. मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब टाका आणि २६ इंची जाड टायरला १०० ते १२० मिलिलिटर भरा. हवा कमी ठेवली म्हणजे काटा कमी घुसतो असं नाही. उलट ट्यूब रिमच्या कडेत चिमटते. टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांच्या मर्यादेतच भरा.

प्रश्न : एसटीत यूपीआयनं पैसे गेले, तिकीट निघालं नाही. वाहकानं रोख मागितले. पैसे परत मिळतात का? – एक वाचक, जालना

उत्तर : मिळतात. व्यवहार अडकला तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप खात्यात परत आली पाहिजे, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. यूपीआय व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट आणि रोखीनं घेतलेलं तिकीट जपून ठेवा, तक्रार आधी अ‍ॅपमध्ये, मग बँकेत करा. रोजच्या प्रवाशांनी यूपीआय लाइट सुरू करून त्यात थोडे पैसे ठेवावेत. त्यात पिन टाकावा लागत नाही आणि दर वेळी खात्यातून रक्कम वळती होण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे बँकेचा सर्व्हर मंदावला असला तरी तिकिटाचे पैसे सहसा अडकत नाहीत. पैसे गाडी स्थानकात उभी असतानाच द्या, घाटात किंवा माळावर रेंज मिळेल याची खात्री नसते.